दाजीशेटांची गूळतुळा

“यात गणित कुठे आहे?” हेडमास्तरांनी विचारलं.

वर्गात त्या वेळी एक लांब फळी लाकडी ओंडक्यावर आडवी टाकलेली होती. तिच्या एका टोकाला वर्गातला सर्वांत किडकिडीत मुलगा बसला होता. दुसऱ्या बाजूला, पण ओंडक्याला अगदी चिकटून, वर्गातला सर्वांत धष्टपुष्ट मुलगा. फळी सरळ होती आणि मुलं टाळ्या पिटत होती. हेडमास्तरांच्या मागे शाळेच्या कमिटीचे चेअरमन दाजीशेट उभे दिसले, म्हणून मी टाळ्या थांबवल्या.

“आधी कल्पना, मग गणित,” मी म्हणालो.

“मग म्हणजे कधी?”

“समजल्यावर.”

“वर्ष झालं, तुमच्या तासाला फळ्यावर एक आकडा दिसलेला नाही. याला शास्त्र म्हणत नाहीत, मास्तर. याला कीर्तन म्हणतात.”

ही हकीगत गिरगावातली, मुंबईत प्लेग यायच्या थोडी आधीची. मी एका इंग्रजी शाळेत सायन्स मास्तर होतो. त्या काळी पदार्थविज्ञान म्हणजे फॉर्म्युले घोकणं. ‘जोर गुणिले अंतर’ हे मुलं आरतीसारखं म्हणत, आणि दाराची कडी बिजागरीपासून लांब का बसवतात असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी फॉर्म्युले बंद केले आणि फळ्या, दोऱ्या, बादल्या वर्गात आणल्या. हेडमास्तर पडले गणिताचे. माझा वर्ग बंद करून ते तास बीजगणिताला द्यावेत, असं त्यांनी कमिटीला कळवलं होतं. वर्ग बंद म्हणजे मीही बंद, कारण माझी नेमणूकच त्या वर्गापुरती होती. मी तोऱ्यात उत्तरं देत होतो खरा, पण आतून पार घाबरलो होतो.

निकाल दाजीशेटांच्या हातात होता. त्यांची लालबागेत लाकडाची वखार. माणूस कोकणातला, मराठी चौथी शिकलेला, मनाने मोठा आणि देहाने त्याहून मोठा. दारातून आत येताना ते जरा तिरके होऊन येत.

“मास्तर,” ते बाकावर बसत म्हणाले, “माका समजात असा सांगा. समजला तर वर्ग चालू. नाय समजला, तर हेडमास्तर म्हणतत तसा.”

मी विचारलं, “शेट, वखारीत हमाल पहारेने ओंडका उचलतो, तेव्हा पहार कुठे धरतो?”

“लांबच्या टोकाक.”

“का?”

“जोर कमी लागता म्हणून.”

“झालं. हीच तरफ. इंग्रजीत लिव्हर. पहार ज्याच्यावर टेकते तो टेकू, म्हणजे फुलक्रम. कुठलीही वस्तू तरफ किती खाली दाबते, हे नुसत्या तिच्या वजनावर ठरत नाही. ती टेकूपासून किती लांब आहे, त्यावरही ठरतं. लांब बसलेला हडकुळाही जवळ बसलेल्या लठ्ठाला तोलून धरतो.”

दाजीशेट फळीकडे बघत राहिले. मग त्या धष्टपुष्ट मुलाकडे बघत राहिले.

“म्हणजे जाडो माणूस टेकूजवळ बसलो, तर हलको दिसता?”

“दिसतो.”

“समजला!” म्हणून त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की हेडमास्तर दचकले. पण निकाल काही दिला नाही. “मास्तर, उद्या वखारीत येवा,” म्हणाले आणि तिरके होऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी वखारीत मला सगळा उलगडा झाला. आदल्या वर्षी दाजीशेटांना मुदतीचा ताप आला होता. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकीबाईंनी, देवीला गूळतुळा बोलली होती. तराजूच्या एका पारड्यात नवरा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. काटा सरळ झाला की तो गूळ देवीचा. नवस बोलला तेव्हा शेटांची हाडं मोजून घ्यावीत अशी अवस्था होती. ताप उतरला आणि काकीबाईंनी त्यांना खाऊ घालायला सुरुवात केली. शेट तुळेचा मुहूर्त पुढे ढकलत गेले, आणि जितका मुहूर्त पुढे गेला तितकं शेटांचं पोटही पुढे गेलं. आता अख्ख्या गिरगावात पैजा लागल्या होत्या, दाजीशेटांना किती ढेपा लागणार म्हणून.

“गुळाचा माका काय नाय,” शेट कळवळून म्हणाले. “देवीक गाडीभर देईन. पण चारचौघांत माझो तमासो नको. तुमची ती तरफ लावा. मी टेकूजवळ बसतंय.”

“आणि माझा वर्ग?”

“तुळा झाल्यावर बोलू.”

यात मला नीतीचा प्रश्न दिसला नाही. शास्त्र बरोबर होतं, आणि नोकरी जायची वेळ आली की माणसाला नीती जरा लांबूनच दिसते.

देवळाच्या अंगणात मी तीन वाशांचा लाकडी तिवडा उभा केला. त्याला साखळीने एक लांबलचक सागवानी तुळई आडवी टांगली, पण मधोमध नाही. एक बाजू आखूड ठेवली, दुसरी चांगली लांब. लांब बाजू स्वतःच्याच वजनाने झुकते, म्हणून आखूड टोकाला दगड बांधून मोकळी तुळई सरळ करून घेतली. आखूड बाजूला शेटांसाठी झोपाळ्याचा पाट टांगला, लांब बाजूला गुळाचं पारडं. साखळी मधोमध नाही हे झाकायला शेटांनी वखारीतल्या माणसांकडून झेंडूची इतकी तोरणं लावून घेतली की तुळई लग्नातल्या नवऱ्यासारखी दिसायला लागली.

तुळेच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कमिटीचे लोक आले होते, हेडमास्तर आले होते. उपाध्यांनी मंत्र म्हटले आणि दोन नियम सांगितले. पारड्यात पडलेला गूळ देवीचा, तो परत काढायचा नाही. आणि तुळा पुरी होईपर्यंत यजमानाने जमिनीला पाय लावायचा नाही. शेट पाटावर बसले. हमालांनी ढेपा ठेवायला सुरुवात केली. जेमतेम पाच-सहा ठेवल्या असतील, तोच शेट अलगद वर उचलले गेले.

लोक टाचा उंचावून बघायला लागले. मग एक म्हातारी म्हणाली, “अगो बाय, शेट नुसते फुगलेले हत! आत काय नाय!”

शेटांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही. उपाध्ये शंख तोंडाला लावणार, इतक्यात काकीबाई पुढे आल्या. त्यांनी तोरण बाजूला केलं, साखळी पाहिली, मग मला पाहिलं.

“मास्तर, ही साखळी मधोमध का नाही?”

मी तोरण परत जागेवर ओढायला गेलो.

“वाण्याने असा तराजू धरला असता तर मी त्याचं दुकान उलथवलं असतं. देवीसमोर उभे आहात. काय ते खरं सांगा.”

नाइलाज होता. शिवाय मास्तराला कुणी मनापासून प्रश्न विचारला की त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मी हमालाची पहार सांगितली, टेकू सांगितला, लांब-जवळ सांगितलं. काकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे टेकूजवळ बसलं की माणूस हलका. आणि लांब बसलं की?”

“जड,” मी म्हणालो.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही लांबच्या बाजूला बसा. गूळ जवळ येऊ दे.”

अख्ख्या वर्षात माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने इतक्या लवकर तरफ उलटी करून दाखवली नव्हती. मला त्या क्षणी फार आनंद झाला, आणि लगेच माझ्या नोकरीची आठवण झाली.

पहिली तुळा फुकट गेली असं उपाध्यांनी जाहीर केलं. शेट लांबच्या टोकाला गेले, पारडं ढेपांसकट आखूड बाजूला आलं. आता शेट जमिनीलगत लोंबत होते आणि ढेपांवर ढेपा पडत होत्या, तरी ते जागचे हलत नव्हते. देवळातला गूळ संपला. काकीबाईंनी वाण्याकडून बैलगाडी भरून आणवली. मघाची म्हातारी आता तोंडात बोट घालून उभी होती. जमलेल्या लोकांनाही पुण्याची हाव सुटली. ज्याने त्याने आपापली ढेप पारड्यात टाकायला सुरुवात केली. मी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत गूळ जास्त झाला, पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि दाजीशेट देवळाच्या कौलांपर्यंत वर गेले.

आखूड बाजू वीतभर खाली गेली की लांब बाजू किती तरी वर जाते. हीही तरफच. पण ते समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

“माका खाली घेवा!” शेट ओरडले.

“गूळ काढा,” कुणी तरी म्हणालं.

“देवीचा गूळ काढता येणार नाही,” उपाध्ये म्हणाले.

“मग शेटांना शिडी लावा.”

“जमिनीला पाय लागला तर पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा पहिल्यापासून म्हणताच शेटांनी दोरी घट्ट धरली. तेवढ्यात हेडमास्तर पुढे सरसावले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि अंगणातल्या फरशीवर समीकरण मांडायला घेतलं.

“सोपं आहे. पारडं किती सरकवायचं ते काढतो. एका बाजूचं अंतर कळलं, गूळ कळला. राहिलं फक्त...” ते मान वर करून मोठ्याने म्हणाले, “शेट, आपलं वजन किती?”

अंगणातला एक एक कान टवकारला.

“सांगूचंय नाय!” वरून आवाज आला.

“त्याशिवाय गणित सुटणार नाही.”

“नाय सुटला तर नाय सुटला!”

मी चार हमालांना बोलावलं. “पारड्यातलं काही काढू नका. आहे तसं पारडं तिवड्याकडे ढकला. दोराचा फास तुळईवर आत सरकवत चला. हळू.”

“किती सरकवायचं?” हेडमास्तरांनी विचारलं.

“शेट खाली येईपर्यंत.”

हमालांनी खांदे लावले. गूळ टेकूच्या जवळ जवळ येत गेला, तसा त्याचा जोर कमी कमी होत गेला आणि शेट झुलत झुलत खाली यायला लागले. तुळई सरळ झाली, पारडं जमिनीवरून जरासं सुटलं, आणि मी हात वर केला. उपाध्यांनी शंख फुंकला. काकीबाईंनी देवीला हात जोडले. गुळाचा डोंगर एका बाजूला, दाजीशेट दुसऱ्या बाजूला, आणि तुळई अगदी सरळ. सगळ्या गिरगावाने डोळ्यांनी पाहिलं.

तिथेच घोटाळा झाला. लोकांनी तुळई पाहिली, साखळी कुणी पाहिली नाही. दाजीशेटांचं वजन गाडीभर गूळ, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. गूळ प्रसाद म्हणून घरोघर गेला आणि त्याच्याबरोबर बातमीही गेली. आठवडाभरात शेटांना बघायला परळहून लोक यायला लागले. एका व्हिक्टोरियावाल्याने त्यांना गाडीत घ्यायचं नाकारलं. म्हणाला, घोडा म्हातारा आहे.

मग कमिटी बसली. मी माझं सामान आवरूनच गेलो होतो. हेडमास्तर उभे राहिले. त्यांच्या हातात कागद होता.

“त्या दिवशीच्या प्रकाराचं मूळ गणिताच्या अभावात आहे,” ते म्हणाले. “मी देवळात जाऊन अंतरं मोजली, वाण्याकडून गुळाचं वजन आणलं, आणि शेटांचं खरं वजन काढलं आहे. लोक म्हणतात त्याच्या मानाने ते कितीतरी कमी भरतं. हा आकडा जाहीर केला की अफवा संपेल. म्हणून माझी विनंती आहे, सायन्सचा वर्ग बंद करून...”

“आकडो बघूया,” दाजीशेट म्हणाले.

हेडमास्तरांनी कागद दिला. शेटांनी तो वाचला. गाडीभर गुळापेक्षा तो आकडा खरंच पुष्कळ कमी असणार. हेडमास्तरांचं गणित कधी चुकत नसे. पण शेटांचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्यांनी कागदाचे बारीक बारीक तुकडे केले आणि डगल्याच्या खिशात घातले.

“वर्ग चालू,” ते म्हणाले. “सगळ्या इयत्तांक. मास्तर, गिरगावातल्या एकेका पोराक तरफ समजली होई. घरी जावन आवशी-बापाशीक सांगूक होई, की शेट लांब बसलो होतो म्हणून. पण एक अट.”

“कोणती?”

“तुमच्याच पद्धतीन शिकवायचा. समजवायचा सगळा. आकडो सांगायचो नाय.”

मी पुढे बरीच वर्षं त्याच शाळेत शिकवलं. दर वर्षी पहिला धडा तरफेचा, फळ्यावर आकडा नाही. मुलांना कल्पना चांगली समजे. ती घरी जाऊन आईबापांना समजावूनही सांगत. आईबाप ऐकून घेत, मान डोलवत, आणि म्हणत, “ते खरं रे, पण गूळ आम्ही खाल्लाय.”