करंदीकरसाहेबांची घंटी

दौऱ्यासाठी टायपिस्ट निवडताना करंदीकरसाहेबांनी माझा वेग विचारलाच नाही. म्हणाले, "वाघ, बसा. आता गुडघे जुळवा." मी जुळवले. "छान सपाट आहेत," असं म्हणून त्यांनी मला निवडलं. कचेरीत माझं झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

तेव्हा आम्ही सुरतेत सरकारी नोकरीत होतो. जिल्ह्यातल्या शाळांच्या इमारती तपासणं हे साहेबांचं काम आणि पेटीतला छोटा टाइपरायटर वागवणं हे माझं. "ऑफिस म्हणजे खुर्ची नव्हे, वाघ. ऑफिस म्हणजे तुमचे गुडघे," ते म्हणत. पाहिलेलं तिथल्या तिथे कागदावर उतरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी नावाचाच वाघ. पेटीच्या ओझ्याने वाकून चालायचो आणि तोंडाने अखंड बडबडायचो.

एका शनिवारी मांडवीकडच्या शाळेचं आढं वाळवीने पोखरलेलं निघालं. सोमवारी मुलं त्याच्याखाली बसणार होती. दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत अहवाल पोचला, तरच वर्ग हलवण्याचा हुकूम निघणार होता. परतीच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून साहेब सांगू लागले, मी गुडघ्यांवर पेटी घेऊन बडवू लागलो. ओळ संपत आली, टाइपरायटरची घंटी वाजली, टिंग! आणि गाडी थांबली.

"अल्या, केम ऊभी राखी?" गाडी का थांबवली म्हणून कंडक्टर ओरडला.

"तें घंटडी मारी ने!" ड्रायव्हर म्हणाला.

"में क्यां मारी?"

गाडी निघाली. पुढची ओळ, टिंग, गाडी पुन्हा उभी. मला माझ्या वेगाची भारी घमेंड. पण मी जितका भरभर टाइप करी, तितकी गाडी रखडे. अखेर साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी रुमालाचं टोक घंटीत कोंबलं. आता ओळ कुठे संपते तेच मला कळेना, शब्द अर्ध्यावर अडकू लागले. तेव्हा पांढऱ्या मिशांचे आमचे साहेब मजकूर सांगता सांगता माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणू लागले, "टिंग." थेट सुरत येईपर्यंत.

अहवाल वेळेत पोचला. वर्ग धर्मशाळेत हलले. त्याच पावसाळ्यात ते आढं कोसळलं, रिकाम्या खोलीत.

पुढे मी कुठेही पाल्हाळ लावलं, की साहेब टेबलापलीकडून "टिंग" म्हणत आणि मी गप्प होई.

ते गेले तेव्हा शोकसभेत मला बोलायला उभं केलं. गुडघे सांगितले, एसटी सांगितली, मग भलतंच काही सांगत सुटलो. लोक चुळबुळू लागले. मी त्यांच्या फोटोकडे बघत बोलतच राहिलो. टिंग म्हणायला कोणी नव्हतं. शेवटी मला रडू फुटलं, तेव्हा कुठे मी थांबलो.