डचेसचा उपास

डेल्बर्ट हॅस्किन्सच्या जिभेला हाड नव्हतं, आणि टल्सा शहरात भरणाऱ्या पाळीव सापांच्या जत्रेत दरवर्षी कुणाला ना कुणाला त्याचा प्रसाद मिळायचा. कुणी रडकुंडीला येऊन म्हणालं, "आमचा साप खातच नाही हो," की हा चारचौघांत सांगणार, "साप ठणठणीत आहे, बाई. बिघाड तुमच्या डोक्यात आहे." मग तोच साप तो घरी न्यायचा आणि आठवड्याभरात खाता करून परत द्यायचा. गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडायचा, त्याचं डोकं चिरून वास मोकळा करायचा, तरीही जमलं नाही तर त्यावर सरडा चोळायचा. कोंबड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं माना कापलेल्या माणसाला यात किळस वाटायचं काही कारण नव्हतं. बायको सोडून गेली होती, मुलगा फोन करत नव्हता, पण ही एक गोष्ट त्याला येत होती.

म्हणून त्याची स्वतःची किंगस्नेक जातीची सापीण, डचेस, अकरा आठवडे उपाशी राहिली तेव्हा गावाला सणच मिळाला.

"डेल्बर्ट, महाराणीला बिस्किटं नि ग्रेव्ही बांधून देऊ का?" नाश्त्याच्या हॉटेलातली पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची. डेल्बर्ट अर्धी कॉफी टाकून उठायचा. घरी डचेसचा कणा कातडीतून वर आला होता. जत्रा तीन आठवड्यांवर होती. तोवर ती मेली, तर तिथं तोंड दाखवायची सोय नव्हती.

उरला होता एकच उपाय. किंगस्नेक दुसऱ्या सापाला गिळते, त्यामुळे उंदराला सापाचा वास लावला की बहुतेक वेळा फसते. आणि साप होता शेजारच्याच ट्रेलर-घरात, थोरल्या बहिणीकडे. ओपलचा पीचेस, पंधरा वर्षांचा नारिंगी कॉर्नस्नेक. नवरा वारल्यापासून ती दिवसभर त्याच्याशीच बोलायची.

"सापाला कान नसतात, म्हणून टिकलाय तो तुझ्याकडे," डेल्बर्ट तिला म्हणायचा.

"नुसता उंदीर चोळणार ना रे?" पीचेसला उशीच्या अभ्र्यात घालताना ओपलनं तीनदा विचारलं.

"नाही, लग्न लावतो दोघांचं. आण इकडे."

"जेवायच्या आत परत आण. त्याला गारठा सोसत नाही."

दोन उंदीर चोळून झाले. डचेसनं दोन्हींकडे पाठ फिरवली. डेल्बर्टचं डोकं फिरलं. वास चांगला भरू दे म्हणून त्यानं पीचेससकट अभ्रा डचेसच्या काचपेटीत ठेवला, रागारागात कशीबशी गाठ मारली आणि तिसरा उंदीर पाण्यात सोडायला गेला.

परत आला तेव्हा गाठ सुटली होती. डचेसनं पीचेसला तीन वेढे घातले होते आणि त्याचं डोकं तिच्या जबड्यात गेलं होतं. शेपटी अजून काचेवर आपटत होती.

काय करायचं ते डेल्बर्टला पक्कं ठाऊक होतं. जबड्यात व्हिस्कीचे चार थेंब टाकले की साप तोंडातलं सोडतो. जत्रेत त्यानं असे दोन साप वाचवले होते. त्यानं फळीवरची बाटली काढली, बूच उघडलं. डचेसचा जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकत होता. अकरा आठवड्यांनी ती खात होती.

डेल्बर्टनं बाटली स्वतःच्याच तोंडाला लावली आणि खुर्ची ओढून बसला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त होत होता. शेपटी थांबली तेव्हा त्यानं अभ्रा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

तासाभरानं ओपल मक्याचा गरम पाव घेऊन दारात आली.

"खाल्लं का रे?"

"खाल्लं."

"देवा!" तिनं डोळे पुसले. "सकाळपासून प्रार्थना करत होते मी. आता तरी म्हण, माझा पीचेस गुणाचा आहे."

"गुणाचा आहे," डेल्बर्ट म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

ओपल लाजली. काचेवर वाकून तिनं डचेसचं टम्म फुगलेलं अंग कौतुकानं पाहिलं. मग टेबलावरचा अभ्रा जवळ ओढून तिनं अलगद आत हात घातला. "चल रे बाळा," ती म्हणाली, "तुझीही जेवायची वेळ झाली."