काकूंचं नाव मीच उडवलं

मंडळी, मोतीबिंदूच्या उद्याच्या शिबिराच्या यादीत आमच्या शेजारच्या काकू नाहीत, असं शिबिराच्या नर्स अक्कांनी तासाभरापूर्वी फोनवर सांगितलं. जागाही भरल्यात.

यादी मी एक्सेलमध्ये केली होती. एकच मोबाइल नंबर दोनदा आला की दुसरी ओळ काढायची, एका क्लिकचं काम. काका-काकूंचा फोन एकच. राहिले फक्त काका!

सांगायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "फोन एक असला तरी डोळे माझे वेगळे आहेत की रे!"

तेव्हापासून कागदी अर्ज एकेक करून तपासतोय. अशी आणखी किती माणसं गेली असतील?

नवनगरहून बस सकाळी आठला सुटेल. कोणी आलं नाही तर पहिली जागा काकूंना, असं अक्का म्हणाल्यात. काकूंनी पिशवी भरून ठेवलीय.