लोकार्पणाआधी विझलेली आग

मोहदऱ्याच्या लोकांचं तानबाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते शनिवारच्या बाजारात. जिजाबाईच्या भज्यांच्या कढईतलं तेल पेटलं होतं आणि ज्वाळा वरच्या ताडपत्रीपासून हातभर खाली नाचत होती. लोक मागे सरकत होते. एकजण पाण्याची बादली घेऊन धावत आला. बाकावर भजी खात बसलेला एक सडपातळ माणूस उठला, बादलीवाल्याला अडवलं, शेजारच्या बटाटेवाल्याचं रिकामं पोतं त्या बादलीत बुचकळून घट्ट पिळलं आणि झोपलेल्या माणसावर चादर घालावी तसं कढईवर अंथरलं. मग वाकून गॅस बंद केला आणि परत बाकावर येऊन बसला.

"तेलावर पाणी नाई टाकत, काकू," तो म्हणाला. "आन् हे भजे थंडे झाले. दुसरे राह्यले असन तर द्या."

हा ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर, हे त्या दिवशी गावाला नीट कळलं. त्याआधी तो अकरा वर्षं हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये होता. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत दोन दिवस धुमसत राहते, म्हणून गंजी पूर्ण उपसल्याशिवाय घरी जायचं नसतं, हे तो तिथे शिकला होता. बोलायचा कमी. सांगायचा ते एकदाच.

पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. बोर्ड बदलला, खुर्च्या बदलल्या. जुन्या माणसांना नगरपंचायतीत कायम करून घ्यायचं ठरलं. सरकारी भाषेत याला समावेशन म्हणतात. तानबाची फाइल तयार झाली आणि टेबलावरून टेबलावर जाऊ लागली. तोवर त्याला ठेकेदाराच्या हाताखाली टाकलं. टँकर तोच, रस्ते तेच, फक्त आता तो कोणाचाच माणूस नव्हता. बायको सरिता दर दिवाळीला विचारायची, "यंदा होते का कायम?" आणि तो म्हणायचा, "सही राह्यली फक्त."

गावात आग लागली की गाडी बाहेरून मागवावी लागे. ती येईपर्यंत तास जाई आणि मग ती राखेवर पाणी मारून परत जाई. तरी दरवर्षी घरपट्टीच्या बिलात 'अग्निशमन कर' अशी एक ओळ छापून येई आणि लोक तो भरत. नाल्याकाठी वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवणारे पुंडलिकराव एकदा उभे राहून सभेत म्हणाले होते, "गाडी नाई, माणूस नाई, मंग हा कर कायचा?" उत्तर मिळालं की तो सर्वसाधारण निधीत जमा होतो. नगरपंचायतीपुढचं कारंजं सर्वसाधारण निधीतून झालं होतं. ते तीन दिवस चाललं. आता त्यात खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या आणि पिचकाऱ्यांचं लाल पाणी असतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मात्र गाडी आली. जिल्ह्याच्या निधीतून आलेली, लालभडक, नवी कोरी. दारावर पांढऱ्या ठळक अक्षरांत एका नेत्याचं नाव आणि खाली 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. गाडी मंजूर होती, गाडीवरची माणसं मंजूर नव्हती. किती माणसं लागतील याचा प्रस्ताव वर गेला होता आणि वरच होता.

आस्थापनेचे बाबू धर्मेंद्र यांनी तानबाला बोलावलं. "तू पाण्याची गाडी चालवतंच, हे बी पाण्याचीच हाय. लाव डोकं."

कंपनीच्या माणसाने अर्ध्या दिवसात पंप दाखवला आणि तो नागपूरला निघून गेला. तानबाने सगळं ध्यानात ठेवलं. साठीला टेकलेला सफाई कामगार रूपराव पाइप धरायला तयार झाला. "मरायच्या आधी एखादी नवी वस्तू तं हातात धरू दे," असं म्हणून.

पण गाडी वापरायची नव्हती. आधी लोकार्पण व्हायचं होतं. पहिली तारीख ठरली तेव्हा मांडव पडला, बोनेटवर झेंडूचे हार चढले, आणि पाहुणे आले नाहीत. हार तसेच राहिले. चार दिवसांनी ते काळे पडून चिकटले आणि त्यांवर माश्या बसू लागल्या. दुसऱ्या तारखेला पुन्हा तेच. कार्यालयातली माणसं बाहेर खर्रा घोटत उभी राहायची आणि मागच्या टायरवर थुंकायची. तानबा रोज सकाळी हार सोलायचा, टायर धुवायचा, टाकी भरलेली आहे ना पाहायचा आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी तारीख यायच्या आत निवडणुकीची आचारसंहिता लागली. आता लोकार्पण तर नाहीच, दारावरचं नावही दिसायला नको. धर्मेंद्रबाबूंनी मैद्याची खळ शिजवून आणली आणि दोन्ही दारांवर पांढरे कागद चिकटवले.

"बाबू, हे पाण्याची गाडी हाय," तानबा म्हणाला. "खळ टिकन का?"

"हलवायचीच नाई, तर भिजन कशी?"

वर ताडपत्री टाकून दोरी बांधली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी दोनच्या सुमारास पुंडलिकरावांच्या वाडीवरून धूर उठला. विजेच्या तारा घासून ठिणगी पडली होती आणि गोठ्याला लागून रचलेलं सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पेटलं होतं. गोठ्यामागे घर, घरात सिलिंडर. पुंडलिकरावांचा मुलगा सचिन मोटरसायकलवर नगरपंचायतीत आला. त्याचा आवाजच फुटत नव्हता.

गाडीची किल्ली तानबाच्या खिशात होती. पण पंचायतीतल्या अठरा वर्षांच्या नोकरीची सवय त्याला धर्मेंद्रबाबूंच्या टेबलाकडे घेऊन गेली.

"साहेबांले विचारतो," बाबू म्हणाले. मुख्याधिकारी साहेबांकडे दोन गावांचा कारभार होता. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्या दिवशी बुधवार होता. "उचलून नाई राह्यले. मिटिंगमंधी असन."

"पुन्हा लावा."

"लावला. तू बस ना. बाहेरची गाडी मागवतो मी."

"तासभर लागते तिले."

"मंग मी काय करू? लेखी पाह्यजे बावा. आचारसंहिता हाय, काही झालं तं मी काऊन मरू?"

तिसऱ्यांदा फोन वाजून बंद पडला. खिडकीतून दिसणारा धूर पांढऱ्याचा काळा झाला होता. काळा म्हणजे छप्पर धरलं, हे तानबाला जिनिंगपासून माहीत होतं.

"लिहून देऊ नका, बाबू," तो उठत म्हणाला. "बोलू बी नका. तुम्ही चहा प्या."

दोरी सोडायला वेळ नव्हता, त्याने विळ्याने कापली. रूपराव आधीच वर चढून बसला होता.

वाडीत शालूबाईंनी, पुंडलिकरावांच्या बायकोने, दोन गाई आणि बैलजोडी सोडली होती. कोपऱ्यातली कालवड राहिली होती. तानबाने पाण्याचा झोत आधी घराच्या भिंतीवर मारायला लावला, मग गोठ्यावर. रूपराव वाकून, दात आवळून पाइप धरून होता. घर वाचलं. सिलिंडर सचिनने बाहेर आणला. कुटाराचा ढीग वरून विझला तेव्हा लोक परतायला लागले. तानबाने त्यांना थांबवून फावडी घ्यायला लावली आणि संध्याकाळपर्यंत सगळा ढीग उपसून भिजवला. कालवड मेली होती. शालूबाई तिच्याजवळ पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"आत्ता आत्ता हंबरत होती," त्या म्हणाल्या. "तू आला ना भाऊ, त्याच्या जराशी आधी."

ऑफिसात टेबलासमोर घालवलेली दहा मिनिटं तानबाने मनात मोजली. ती दुसऱ्या कोणाची नव्हती, त्याची होती.

या सगळ्यात पाण्याच्या फवाऱ्याने दारांवरचे कागद लोंबकळून खाली पडले होते आणि ते पांढरं नाव धुरात स्वच्छ झळकत होतं. समोरच्या पक्षाचं काम करणारा रजत नावाचा तरुण फोनवर चित्रण करत होता. त्याने गोठा घेतला नाही, कालवड घेतली नाही. दार घेतलं. संध्याकाळपर्यंत तक्रार गेली.

दुसऱ्या दिवशी तानबाला नोटीस मिळाली. त्यात तीन प्रश्न होते. वाहन कोणाच्या आदेशाने बाहेर काढलं. लोकार्पणापूर्वी वाहनाचा वापर का केला. वाहनावरील नाव झाकणारा कागद कोणी काढला. आग कुठे लागली, किती जळलं, कोण वाचलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तानबाने ती दोनदा वाचली. मग घडी करून खिशात टाकली. तो बाहेर जाऊन कारंज्याच्या कठड्याशी थांबला, आत पाहिलं आणि तिथूनही बाजूला झाला.

धर्मेंद्रबाबू मागोमाग आले. आवाज गोड होता. "तानबाभाऊ, घाबरू नको. लिहून दे का पुंडलिकरावच्या घरच्यायनं कागद ओढून काढला. तुह्यावरचं जाते. तुही फाइल टेबलावरच हाय, साहेब शुक्रवारी सही करून टाकतीन."

"आन् पुंडलिककाकावर?"

"त्याच्यावर काय, एक नोटीस जाईन. म्हातारा माणूस, कोण काय करते त्याले?"

"त्याचा गोठा जळला, बाबू."

"त्याचा पंचनामा अलग. ते महसूलकडे. आपला विषय कागदाचा हाय."

घरी त्याने सरिताला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"लिहून दिलं तं कायम होता?"

"हो म्हणते."

"नाई दिलं तं?"

"नाई होत."

तिने ताट बाजूला ठेवलं. "मंग आंघोळ तं करा अवो. कालपासून धुराचा वास येऊन राह्यला."

तानबाने वहीच्या पानावर उत्तर लिहिलं. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर गोल आणि सुटं. आग लागली होती म्हणून गाडी नेली. आदेश मागितला, मिळाला नाही. लोकार्पण झालं नव्हतं हे खरं आहे. कागद मैद्याच्या खळीने चिकटवला होता, तो पाण्याने सुटला. आणि शेवटी कोणी न विचारलेली ओळ: आदेश मागण्यात दहा मिनिटं गेली, त्यात एक कालवड मेली.

धर्मेंद्रबाबूंनी पान वाचलं. "हे शेवटचं खोडून टाक."

"राहू द्या."

"तू स्वतःच आपल्या पायावर गोटा पाडून राह्यला बे."

"पाडला तं पाडला."

शुक्रवारी साहेब आले. फाइलवर सही झाली नाही. शेरा पडला की शिस्तभंगाची कार्यवाही प्रलंबित असल्याने समावेशनाचा विचार तूर्तास करता येत नाही. ठेकेदाराला फोन गेला आणि तानबाला लाल गाडीवरून उतरवलं. किल्ली ठेकेदाराच्या साळ्याला मिळाली. त्याने आजवर फक्त जीप चालवली होती.

पुढच्या आठवड्यात शालूबाई डोक्यावर टोपलं घेऊन नगरपंचायतीत आल्या. वांगी होती, मेथीच्या जुड्या होत्या, वर ओलं फडकं. तानबा तेव्हा टँकर घेऊन गेला होता. "त्याले द्या," असं सांगून त्या टोपलं धर्मेंद्रबाबूंच्या टेबलाशी ठेवून गेल्या. तानबा परतला तेव्हा टोपलं रिकामं होतं. एकाच्या डब्याच्या पिशवीतून मेथीची पानं बाहेर आली होती. वांगी चांगली काटेरी होती असं आपसांत बोलणं चाललं होतं. रूपरावाने खाली मान घालून ते रिकामं टोपलं तानबाच्या हातात दिलं. तानबाने ते वाडीत नेऊन पोचवलं आणि शालूबाईंना सांगितलं की भाजी छान होती.

निवडणूक झाली. नव्या वर्षात लोकार्पणाची चौथी तारीख ठरली आणि या खेपेला पाहुणे आले. बंपरवर अजून काजळी होती. ती घासून काढायचं काम तानबाला सांगितलं आणि त्याने ते केलं. दारावर नेत्याच्या नावाच्या खाली, निवडणुकीत निवडून आलेल्या दुसऱ्या माणसाचं नावही रंगवलं होतं. हार चढले, फीत कापली, नारळ फुटला. माइकवरून सांगण्यात आलं की आजपासून ही गाडी गावाच्या सेवेत रुजू होत आहे.

मागच्या ओळीतून पुंडलिकराव मोठ्याने म्हणाले, "मंग माह्या वाडीत काय आलतं? नवसाचे रोडगे घेऊन बैलगाडी?"

काही लोक हसले. पाहुण्यांनाही वाटलं की काहीतरी चांगलं बोललं गेलं, म्हणून तेही हसले. मांडवाबाहेर रूपराव कोणाचं लक्ष नसताना मागचा टायर फडक्याने पुसत होता. थुंकी अजून ओली होती.

टँकरही मग दुसऱ्याला दिला. तानबा आता कचऱ्याची घंटागाडी चालवतो. सकाळी सहा ते अकरा, वॉर्ड चार ते नऊ.