आर्डिथचे मंगळवार

“साधं पिकअपमध्ये बसलीस तरी तुला मळमळतं, आणि तू विमानात बसणार?” वर्ननने काटा ताटलीत आपटला.

“विमानात बसणार असं कोण म्हणालं? मी खाली वायरलेसवर बसणार आहे,” आर्डिथ म्हणाली.

“म्हणजे गावाला आयतंच निमित्त. वर्ननने घोळ घातला, आता बायको निस्तरतेय!”

“बाबा, गाव ते कधीच बोलून मोकळं झालंय,” मार्ला म्हणाली. ती बँकेतून परस्पर जेवायला आली होती. “तू कोबी संपव.”

आर्डिथने बावीस वर्षं गावातल्या शाळेत दोनशे पोरांचा स्वयंपाक केला होता. एखादी गोष्ट करायचीच ठरली, की ती आधी हात पुसत असे. आत्ताही तिने हात पुसले.

वर्ननचं दुखणं तिला ठाऊक होतं. गेल्या ऑक्टोबरात तो त्याचं जुनं दोन आसनी विमान घेऊन माइल्स सिटीला निघाला. निघताना वाट आणि पोचायची वेळ फोनवर नोंदवली, ते रीतसर केलं. पण मधेच ओळखीच्या ऑर्व्हिलचं शेत दिसलं, ऑर्व्हिलचा नवा ट्रॅक्टर दिसला, आणि गडी खाली उतरला. उतरल्यावर ‘पोचलो’ म्हणून फोन करायचा असतो. तो राहिला. ऑर्व्हिलच्या बायकोने सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पाई पुढे ठेवला होता ना!

वेळ टळून गेल्यावर, हरवलेली विमानं शोधणारी गावातली स्वयंसेवकांची हवाई तुकडी कामाला लागली. औषधांचा दुकानदार, शाळेच्या बसचा मेकॅनिक, आपापलं काम टाकून धावलेली माणसं. दोन विमानं वर गेली. तुकडीतलीच, पोस्टात काम करणारी डोरीन वायरलेसचा संच घेऊन थेट आर्डिथच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

त्या चार तासांत डोरीन एकदाही ‘सगळं ठीक होईल’ म्हणाली नाही. तिने न विचारता मोरीतली भांडी घासली. दर वीस मिनिटांनी संचावर बोलायची आणि जे कळलं ते जसंच्या तसं सांगायची. “नदीकाठ बघून झाला. तिथे नाही.” “आता टेकड्यांकडे वळलेत.” आर्डिथच्या पायाखाली जमीन राहिली ती त्या वाक्यांमुळे.

मग संच खरखरला. वर्ननचं विमान ऑर्व्हिलच्या गोठ्याशेजारी धडधाकट उभं होतं. शोधायला आलेलं विमान डोक्यावर घिरट्या घालतंय हे पाहून वर्ननने बाहेर येऊन टोपी हलवली होती. त्याला वाटलं, कोणीतरी ओळखीचं हाक घालतंय.

डोरीन हसली नाही. तिने संच उचलला, आर्डिथला मिठी मारली आणि उरलेला अर्धा दिवस भरायला पोस्टात परत गेली.

आभार मानायचे म्हणून आर्डिथ तुकडीच्या मंगळवारच्या बैठकीला खिमा-बटाट्याचा मोठा ट्रे घेऊन गेली. त्यांनी तो फस्त केला आणि तिला मागच्या बाकावर बसवून घेतलं. पाहुण्याने तीनदा येऊन बघायचं, मग हवा तर अर्ज भरायचा, असा तिथला रिवाज. दुसऱ्या मंगळवारी डोरीनने तिच्या हातात संच दिला. आज तिसरा मंगळवार होता.

“ते तुकडीवाले मला हसले असते तर बरं झालं असतं,” वर्नन खालच्या आवाजात म्हणाला. “दुकानात भेटतात, हवापाण्याचं विचारतात. एकजणही टोपीचा विषय काढत नाही. माझ्याच्याने विमानाकडे बघवत नाही, आर्डिथ. आणि तू दर आठवड्याला त्यांच्यात जाऊन बसणार.”

“ते का हसत नाहीत, मी विचारलं डोरीनला.”

“काय म्हणाली?”

“तुझ्याआधी ज्याला शोधायला गेले, तो कुठे पाई खात बसला नव्हता. तो जिवंत सापडला नाही. तेव्हाही ती त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात बसली होती.”

मार्लाने घास तसाच ताटलीत ठेवला. वर्ननने खिडकीबाहेर पाहिलं.

“तुला टोपी हलवताना पाहून त्या माणसांना किती बरं वाटलं असेल, याचा विचार कर,” आर्डिथ म्हणाली. “मला तर अजून त्यांचे पाय धरावेसे वाटतात. पण पाय धरलेले त्यांना चालत नाहीत. त्यांना माणसं कमी पडतात.”

“आणि मी काय सांगू लोकांना?”

“खरं ते सांग. पाई चांगला होता म्हण.”

वर्ननच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणण्याइतकं काही नव्हतं ते.

आर्डिथने आपली ताटली उचलून ठेवली आणि कोट अंगात घातला.

“अर्जासाठी लागणारे बोटांचे ठसे मी शेरीफच्या कचेरीत देऊन आलेय. आज अर्जावर सही करणार. यापुढे मंगळवारी जेवण पाच वाजता, आणि भांडी तुम्ही दोघांनी घासायची.”