दहा ते पाचची वाट

चार दिवस मी एका वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि एकही माणूस मोजला नाही. त्या शून्याचा मला चक्क अभिमान वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला माझी उगाच कीव यायची.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेत नुकतीच लागले होते. समाजशास्त्राची पदवी ताजी होती, त्यामुळे दिसेल त्या माणसाला कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवायची घाई होती. नेरूळच्या इमारतींमागच्या सारसोळे गावातून एक चिखलवाट खारफुटीतून थेट खाडीत उतरायची. खारफुटी वाचवायला एका सरकारी कार्यालयाला तिथं कुंपण घालायचं होतं, आणि वाट कोणी वापरत नसेल तर तीही बंद करायची होती. वापरतं का कोणी, हे आम्ही मोजून सांगायचं. शिवाय लगतच्या घरांत कोणी दिव्यांग आहे का, त्यांचं कोण बघतं, याचा एक वेगळा फॉर्म होता.

मोजणीची वेळ मीच ठरवली, दहा ते पाच. डबा घेऊन घरून निघायला ती सोयीची होती. खाडीची काही वेगळी वेळ असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

वाटेच्या तोंडाशी पहिलंच घर एका आजींचं. दोन्ही डोळे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. मी पोचायचे तेव्हा त्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असायच्या. माझ्या चपलांचा आवाज ऐकला की विचारायच्या, "आलीस गो? आज किती मानसां गावली?"

"एकही नाही, आजी."

त्या मनापासून हसायच्या आणि आतून चहा मागवायच्या. खाडीत पक्षी बघायला कॅमेरे घेऊन लोक येतात, त्यांना मी मोजतेय अशी त्यांची समजूत होती. मीही कधी नीट सांगितलं नाही. बिचारीला काय कळणार, असं मला वाटायचं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्यांचा फॉर्म मी त्यांच्या सुनेला विचारून भरला. ती एका सोसायटीत साफसफाईच्या कामाला होती आणि कायम घाईत असायची. "रस्त्याव ती जातंच नाय," ती म्हणाली. "दवाखान्यान नेवाची त मना सुट्टी घेवी लागते." मी लिहिलं: एकटीने घराबाहेर पडणे अशक्य, इतरांवर पूर्णपणे अवलंबून. आजी शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मी काहीही विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी आकडा त्या कार्यालयाला देऊन टाकला. आजींच्या फॉर्मवर सुनेची सही तेवढी राहिली होती, म्हणून शुक्रवारी ती कामावर जायच्या आधी, साडेसातलाच मी गावात गेले. ओटा रिकामा होता.

"सासूबाई कुठंयत?"

"आय खारीन गेलीय," केस बांधता बांधता सून म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"कुनाबरोबर म्हंजे? बाकीच्या तिच्याबरोबर गेल्यान."

मी वाटेनं खाडीकडे धावत सुटले. पाणी पार लांब गेलं होतं. लुगड्याचा काष्टा मारलेल्या आजी चिखलातून पुढे चालल्या होत्या, कमरेला टोपली. पायानं चाचपायचं, वाकायचं, शिंपली उचलायची. त्यांच्या मागून तीन धडधाकट बायका अगदी त्यांच्याच पावलांवर पाय टाकत येत होत्या. त्या चिखलात कुठं माणूस कमरेपर्यंत रुततो, हे आजींच्या पायांना ठाऊक होतं. मी मात्र काठावर, चप्पल हातात घेऊन उभी.

त्या परतल्यावर मी सगळं सांगितलं. मी पक्षीवाल्यांना मोजत नव्हते, तुम्हालाच मोजायला आले होते, आणि एकही माणूस नाही असं लिहून दिलंय.

आजींनी टोपली खाली ठेवली. "म्हंजे आमची वाट बंद?"

"बहुतेक हो," मी म्हणाले.

"पोरी, या येका वाटेव मना कुनाचा हात धरावा लागत नाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच मला खाडीचं वेळापत्रक शिकवलं. अमावास्या-पुनवेला आणि पुढचे काही दिवस पाणी पहाटे उतरतं. बायका दहाच्या आत घरी. अष्टमीच्या सुमाराला दुपारी उतरतं, पण फार मागं जात नाही, म्हणून कोणी जातच नाही. माझ्या दहा ते पाचमध्ये वर्षभर बसले असते तरी मला फारसं कोणी दिसलं नसतं.

संस्थेतल्या आमच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दहा ते पाच? बँक मोजत होतीस का?" मग कोरा कागद पुढे सरकवला. "माझी मोजणी चुकली, असं तूच लिही. तुझ्या नावानं." पहिली नोकरी, पहिलं सरकारी पत्र, आणि त्यात हे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि लिहिलं.

पुन्हा मोजणी केली ती तिथीनुसार. आजी आदल्या दिवशी वेळ सांगायच्या आणि मी अंधारात घरून निघायचे. त्यानंतर कार्यालयाचं उत्तर यायला इतके दिवस लागले की रोज कुंपणाचे खांब स्वप्नात यायचे. शेवटी कळलं, कुंपण होणार, पण वाट मोकळी सोडणार. मी उड्या मारतच सारसोळ्याला गेले.

आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आज तुला येल हाय ना? मना दवाखान्यान ने. सुनंची सुट्टी वाचंल."

दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे होता. फुटपाथ मध्येच गुडघाभर खाली उतरत होता, तिथं मी त्यांना जवळजवळ उचलूनच घेतलं. कडेला पोचलो. सिग्नल नव्हता. गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. एकदा मी "चला" म्हणाले, त्यांनी पाऊल टाकलं, आणि एक हॉर्न इतक्या जवळून वाजला की त्या झटकन मागे सरल्या. दोन्ही हातांनी त्यांनी माझा दंड असा धरला की पुढे दोन दिवस वळ दिसत होते. मला रस्त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"तुझ्या कागदाव माझा काय लिवलंस गो?" त्यांनी अचानक विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. एकटीने बाहेर पडणे अशक्य, पूर्णपणे अवलंबून, जसं होतं तसं सांगितलं.

त्यांनी गाड्यांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"हितला बराबर लिवलंस," त्या म्हणाल्या. "चल, घरा जाव."

समोर दवाखान्याची पाटी मला स्वच्छ वाचता येत होती. आम्ही मागे फिरलो.