हुकूमशहाचा आजोबा आणि पेंढारकरकाका

"पेंढारकर म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" असं कुणी विचारलं की काका हातातली प्लेट सावरत गंभीरपणे सांगायचे, "डब्लिनचे." विचारणारा हसून म्हणायचा, "तसं नाही हो, त्याआधी?" काका तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "त्याआधी क्लीव्हलँड." आपली माणसं सातासमुद्रापार येतात, पण समोरच्याचं गाव आणि आडून आडून जात कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये काकांनी अशा कितीतरी लोकांना उपाशी ठेवलं असेल.

काका आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायचे. निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. काकू गेल्यावर एकटेच. ऐंशी उलटली तरी ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः काढणार, आणि मदतीला गेलं की "तुमची कंबर सांभाळा आधी" म्हणून हाकलून देणार. त्यांना एकच खोड होती. गेल्या शतकातल्या त्या कुप्रसिद्ध जर्मन हुकूमशहाचा आजोबा कोण, हा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं.

आणि विषय निघायचाच. कुणाच्या तरी फोनवर काहीतरी आलेलं असायचं: तो अमक्या श्रीमंताचा नातू होता, तो त्यानं मारलेल्या ज्यू लोकांपैकीच कुणाचा तरी नातू होता. काका प्लेट खाली ठेवायचे. "त्याचे वडील लग्नाआधी जन्मलेले. नोंदीत बापाच्या नावाची जागा कोरी. पुढे एकाचं नाव लागलं. ते खरं, की त्याच्या भावाचं खरं, की तिसऱ्याच कुणाचं, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. ज्यूंच्या गोष्टीला तर काडीचा पुरावा नाही. ज्यांना मारलं, त्यांच्याच माथी खुनी मारायचा? वा रे वा!" मग कुणीतरी विचारायचंच, "मग होता तरी कोण?" त्यावर काकांचं ठरलेलं वाक्य: "ठाऊक नाही. हेही उत्तरच असतं. उच्चारून बघा, जीभ झडत नाही."

एका दिवाळीत आमच्या घरी फराळाला मंडळी जमली होती. पुण्याहून नुकताच आलेला निखिल, माझ्या टीममधला, चकली मोडत म्हणाला, "काका, पुरावा कशाला हवा यार? बापाच्या बापाचा पत्ता नाही, मग असलंच निपजणार ना. खाण तशी माती."

आमची सई तेव्हा पंधरा वर्षांची, दारात लाडवांचं ताट घेऊन उभी होती. सई आम्ही दत्तक घेतलेली. तिच्यापासून आम्ही हे कधीच लपवलं नव्हतं. निखिलला मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. सई मराठी बोलायला कंटाळते, पण कळतं तिला सगळं. तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि वर निघून गेली. काकांनी ते पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वाद घातला नाही.

पुढचे काही दिवस सई नीट जेवली नाही. शेवटी एकदा सिंकपाशी उभी असताना म्हणाली, "आई, व्हॉट इफ इट्स इन मी? मला जन्म देणारे कोण होते, हे तुम्हालाही माहीत नाही ना?" आईनं जे जे बोलायचं ते सगळं मी बोलले. तिनं मान डोलावली, पण तिच्या मनापर्यंत एक शब्दही पोचला नाही. ते मला स्पष्ट दिसत होतं.

शनिवारी काकांचा फोन आला. "सईला घेऊन ये. चिवडाही आण, माझा संपलाय." गेलो तर डायनिंग टेबलवर जुना मायक्रोस्कोप मांडून ठेवलेला. काकांनी सुईनं स्वतःचं बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला आणि सईला म्हणाले, "बघ. काय दिसतं?"

"सेल्स."

"आजोबा दिसतो?"

सईला हसू आलं. "नो!"

"मलाही नाही दिसला कधी. जन्मभर रक्तच बघत आलो. त्यात कावीळ दिसते, मलेरिया दिसतो. माझा आजोबा काही दिसला नाही." मग टेबलावरचा चिवडा पुढ्यात ओढत, साधी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना तान्हेपणी कुणीतरी मिरजेच्या धर्मशाळेत सोडून गेलं होतं. पेंढारकर नावाच्या मास्तरांनी त्यांना घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. "शाळेत एकानं मला विचारलं होतं, तुझं रक्त कुणाचं? तेव्हापासून मी त्या हुकूमशहाबद्दल वाचत सुटलो. म्हटलं, आजोबा ठाऊक नसला की माणूस असा होतो की काय?"

"अँड?" सईचा डोळा आता मायक्रोस्कोपवर नव्हता.

"त्याला एक सख्खी बहीण होती. तेच आईबाप, तोच न सापडलेला आजोबा. ती कारकुनी करून जगली. रक्त तेच ना? जे केलं ते त्यानं केलं, आजोबानं नाही. आणि माझे वडील पोस्टात होते. आम्हा पोरांवरसुद्धा त्यांनी कधी हात उचलला नाही."

घरी परतताना सई म्हणाली, "आई, थालीपीठ करशील? आय ॲम स्टार्व्हिंग." मी तव्यापाशी उभी राहून रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी घर विकलं आणि कॅरी नावाच्या गावी मुलीकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी सत्यनारायण कराच, हा मुलीचा हट्ट. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात, शनिवारी पूजा सांगतात. संकल्पाला त्यांनी विचारलं, "काका, गोत्र?"

सगळे कान टवकारून बसले. काका म्हणाले, "ठाऊक नाही."

"मग काश्यप म्हणा," गुरुजी सहज म्हणाले. "ज्याला ठाऊक नाही, त्याचं काश्यप."

सई एकदम सरसावली. "वेट, आमचं पण काश्यप! बाबांना माहीत नव्हतं, त्यांनी नागपूरला फोन केला, तर आजीलाही माहीत नव्हतं!" हशा पिकला. मागून निखिल कानकोंडा होऊन म्हणाला, "आमच्याकडेही काश्यपच सांगतात." दिवाळीतला प्रकार कळल्यावर तो सईची माफी मागून गेला होता, आता तीच त्याच्याकडे बघून सगळ्यांत मोठ्यानं हसत होती.

"सो काका," ती म्हणाली, "आपण रिलेटेड आहोत?"

काका पळीतलं पाणी हातावर घेत थांबले. आता ते ठरलेलं वाक्य येणार, असं मला वाटलं.

"हे मात्र ठाऊक आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी पाणी सोडलं.